डावखुरी मूठ

मास्तरांच्या सुनेचा फोन आला तेव्हा ताई जमिनीवर बसून केबल गुंडाळत होती. सून म्हणाली, "मामंजींची खोली रिकामी करतेय. तुमच्या कामाचं काही असेल तर बघून जा, नाहीतर सगळं भंगारात जाईल." भंगार शब्द कानावर पडला आणि ताईनं केबल तशीच टाकून पायात चप्पल अडकवली. मास्तरांच्या वस्तू भंगारात जाणार म्हणजे काय!

ताई म्हणजे सगळ्यांचीच ताई. तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, ते ऐकून गिऱ्हाइकंही म्हणायला लागली. भावाचं घरातलं नाव टिल्लू. जन्माला आला तेव्हा तो तळहाताएवढा होता, म्हणून ठेवलेलं नाव. आता सहा फुटांचा गडी झाला होता, दाराला डोकं आपटायचा, पण नाव काही सुटलं नाही. दोघं घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी व्हिडिओवर घ्यायची. चित्र टिल्लू घ्यायचा, आवाज ताई. टिल्लूच्या तोंडाचा पट्टा सकाळी डोळे उघडल्यापासून सुरू असायचा, आणि ताईच्या आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य असेल तर ते "गप्प बस ना रे जरा" हेच. पण त्याचा आवाज मात्र खरोखर ऐकत राहावा असा होता. रेडिओवर सकाळच्या बातम्या वाचायला त्याची निवड झाली होती. अजून दीड-दोन महिने होते. तो आरशासमोर उभा राहून हवामानाचा अंदाज वाचायचा आणि ताई आतल्या खोलीत उगाचच पदराला डोळे पुसायची. आईबाप लवकर गेले, या पोराला तिनंच वाढवलं होतं. तो रेडिओवर बोलणार हे तिचं सुख होतं, दुसरं तिनं कधी फारसं मागितलंही नव्हतं.

मास्तरांनी तिला हे काम शिकवलं. मास्तर डावखुरे. त्यांची खोली अजून तशीच होती, निलगिरीच्या तेलाच्या वासाची. माइक धरून धरून मनगट दुखायचं, म्हणून ते तेल चोळायचे. सुनेनं खोक्यातून एक वस्तू काढून पुढे केली. "ही बघा. ही त्यांनी शेवटपर्यंत उशाशी ठेवली होती."

माइक हातात धरायची मूठ होती ती. पिस्तुलासारखा दांडा, त्यावर रबराचे पट्टे लावलेली चौकट. पट्ट्यांवर माइक झुलता राहतो, म्हणजे हात हलला तरी त्याचा आवाज माइकपर्यंत जात नाही. निदान कमी जातो. दांड्याला काळ्या स्पंजाचं वेष्टन होतं आणि चाळीस वर्षांत त्यात चार बोटांचे आणि अंगठ्याचे खड्डे पडले होते. ताईनं ती उजव्या हातात धरली. खड्डे चुकीच्या बाजूला आले. जणू दुसऱ्याच्या चपलेत पाय घातला.

"शेवटी काही बोलले का हो मास्तर?" ताईनं विचारलं.

सूनबाईनं खोक्याचं झाकण लावलं. "तीन वर्षं नाही बोलले. एक दिवस दुपारी खोलीत बसून स्वतःचंच काहीतरी रेकॉर्ड करत होते. त्यानंतर काही दिवसांनी आवाज बंदच झाला. डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही. मग पाटीवर लिहायचे."

ताईला वाटलं, दुःखानं झालं असेल. मास्तरांचं ते दुःख तिला ठाऊक होतं. त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली असताना त्यांनी तिचा आवाज घ्यायचं ठरवलं होतं. माइक धरून उशाशी बसले. तेवढ्यात दारातून त्यांचा भाऊ काहीतरी बोलला आणि मास्तरांचा हात सवयीनं बोलणाऱ्याकडे वळला. नेमकं त्याच क्षणी बायको काहीतरी म्हणाली. शेवटचं. फितीवर भावाचं "औषध आणू का?" अगदी स्वच्छ, आणि बायकोचं नुसतं पुसट पुटपुटणं. काय म्हणाली ते मास्तरांना मरेपर्यंत कळलं नाही. नंतर ते शिकवताना एकच गोष्ट परत परत सांगायचे, "बोलतोय त्याच्याकडे वळायचं नसतं पोरी. जो बोलणार आहे, त्याच्याकडे आधी वळायचं. आवाज सुटला की सुटला."

आणि आवाज नीट मिळाला की ते अंगठ्यानं मुठीवर दोनदा टकटक करायचे. शूटिंग चालू असताना बोलता येत नाही ना. हेडफोनमध्ये ती टकटक आली की ताईनं समजायचं, मिळालं.

तिनं मूठ पिशवीत घातली. घरी येईपर्यंत पिशवीला निलगिरीचा वास लागला होता.

पहिल्यांदा ती वापरली घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांकडे. वय नव्वद. भिंतीवर वीस घड्याळं, ती बंद करण्यातच टिल्लूचा अर्धा तास गेला. आजोबा छान बोलत होते. ताई खाली बसून माइक धरून होती, डोळे मिटून, कारण डोळे उघडे असले की कान आळशी होतात. अचानक आजोबांचा आवाज पातळ झाला, लांब गेला. तिनं डोळे उघडले. माइकचं तोंड आजोबांकडे नव्हतंच. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे होतं. दारात कोणी नव्हतं.

मग आजी दारात आल्या. "त्यांना पाणी द्या हो कोणीतरी, घसा कोरडा पडतो त्यांचा," म्हणाल्या आणि परत आत गेल्या. हेडफोनमध्ये ते वाक्य इतकं जवळून आलं की ताईच्या कानाला आजींचा श्वास लागल्यासारखा वाटला.

टक. टक.

तिनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा जागच्या जागी होता.

"झोप लागली होती का गं?" बाहेर पडल्यावर टिल्लू म्हणाला. "आजोबा इकडे बोलतायत आणि माइक तिकडे. हे मी केलं असतं तर तू माझी सालटी काढली असतीस."

"मनगट वळलं," ताई म्हणाली. ते खरंच होतं. मनगट वळलं होतं. तिनं वळवलं नव्हतं एवढंच.

तेरा-चौदा दिवसांनी घड्याळवाल्या आजोबांच्या मुलाचा फोन आला. वडील बरे होते. "आईचा आवाज गेला हो," तो म्हणाला. "सकाळी उठली, तोंड उघडलं, आणि काहीच नाही. तुम्ही येऊन गेलात त्याला बारा दिवस झाले तेव्हा. सगळ्या तपासण्या झाल्या, दोष सापडत नाही. तुमच्याकडे तिचं काही आहे का? नुसता आवाज असला तरी चालेल." ताईनं पाण्याचं ते एक वाक्य पाठवून दिलं. मुलगा रडला, आभार मानत राहिला. आभार ऐकता ऐकता ताई पिशवीतल्या मुठीकडे बघत राहिली.

तरी माणूस आधी स्वतःची समजूत घालतो. तिनंही घातली. म्हाताऱ्या बाईला झालं असेल काहीतरी, त्यात मुठीचा काय संबंध. पुढच्या वेळी मूठ हातात धरायचीच नाही एवढं मात्र तिनं ठरवलं आणि निवृत्त नर्सबाईंच्या घरी ती सरळ स्टँडवर घट्ट पिळून बसवली. आता वळून दाखव म्हणावं.

नर्सबाईंची मुलाखत बिनघोर पार पडली. शेवटी ताईनं नेहमीप्रमाणे सांगितलं, "आता एक मिनिट कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही." खोलीचा स्वतःचा आवाज घ्यायचा असतो, नंतर तुकडे जोडताना मधे भरायला लागतो. नर्सबाई हात जुळवून बसल्या. टिल्लूनं गाल फुगवले. ताई हेडफोन लावून भिंतीशी उभी, माइकपासून चार पावलं लांब.

पंख्याची गुरगुर. लांबून एक हॉर्न. आणि मग... स्पंज दबल्याचा आवाज.

माइक धरणाऱ्या माणसाला तो आवाज झोपेतही ओळखू येतो. बोटं पकड बदलतात तेव्हा येतो तो. आधी करंगळी उचलली गेली, मग तिच्या शेजारचं बोट, मग मधलं, आणि परत एकेक करून टेकली. मास्तर असेच पकड बदलायचे. जिन्यावरच्या पावलांवरून घरचं माणूस ओळखावं, तसं तिनं ओळखलं. स्टँडजवळ कोणी नव्हतं. घट्ट पिळलेला आटा करकर करत सुटला आणि माइक सावकाश दाराकडे वळला.

दार बंद होतं. मनात एक-दोन-तीन म्हणायला लागतो तेवढा वेळ गेला. मग दार वाजलं, उघडलं, आणि शेजारचे एक गृहस्थ आत डोकावून म्हणाले, "खाली पांढरी गाडी कोणाची आहे? काढा जरा."

टक. टक.

"बारा दिवस," ताईच्या तोंडून निघून गेलं.

"काय?" टिल्लू म्हणाला. "नाही गं, दोन मिनिटांत काढतो." आणि हसत किल्ली घेऊन पळाला.

तिनं दिवस मोजले. तेराव्या दिवशी तिनं नर्सबाईंना व्हिडिओ आवडला का असं विचारायचं निमित्त काढून फोन केला. व्हिडिओ फारच आवडला होता. "आणि तुम्हाला सांगते, ते शेजारचे आठवतायत? गाडीवरून बोलले ते? कालपासून त्यांची वाचा बसलीय. मी स्वतः घसा पाहिला, स्वच्छ आहे. मोठा भांडकुदळ माणूस हो. आता नुसता बघत बसतो."

ताईनं मूठ जुन्या साडीत गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली डब्यात टाकली. टिल्लूला काही सांगितलं नाही. इथं तिची चूक झाली. सांगितलं असतं तर तो हसला असता, आठवडाभर नकला केल्या असत्या, पण मुठीला हात लावला नसता. तिला वाटलं, पोरगा आधीच रेडिओच्या धाकधुकीत आहे, त्यात हे कशाला.

पुढचं काम लाँड्रीवाल्या आजींचं होतं. चाळीस वर्षं एकटीनं लाँड्री चालवलेली बाई. खोलीत चारही भिंतींना कपडे टांगलेले, इस्त्रीच्या वाफेचा उबट वास. कपड्यांनी आवाज पिऊन टाकला होता, जराही घुमत नव्हता. आवाज घ्यायला इतकी चांगली खोली ताईला वर्षात मिळाली नव्हती. ती खुशीत होती. तिनं बॅग उघडली आणि निलगिरीचा वास आला.

"टिल्लू." तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "ही... ही कुणी आणली?"

"मी. तुझ्या नेहमीच्या मुठीचे रबर सकाळी तुटले होते. म्हटलं ताईला कशाला ताप, म्हणून कपाटातली काढली. किल्ली पिठाच्या डब्यात लपवतं का कोणी? सगळा पिठात माखलो." तो स्वतःवरच खूश होता. "चल, आजी तयार आहेत. उजेड जाईल."

दुसरी मूठ नव्हती. आजी नवी साडी नेसून, केस विंचरून बसल्या होत्या. ताईनं दोन्ही हातांनी मूठ धरली, कोपर मांडीत रुतवून, आणि माइक आजींच्या तोंडासमोर रोखला. मनात म्हणाली, आज तुम्ही नाही मास्तर. आज मी.

वीस मिनिटं सगळं सुरळीत चाललं. मग तिच्या बोटांखाली स्पंज दबला. तिनं दाबला नव्हता. तिच्या बोटांच्या आणि दांड्याच्या मधे दुसरी बोटं असावीत तसं काहीतरी उचललं गेलं... आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं. मूठ वळायला लागली. ताईनं जिवाच्या आकांतानं धरून ठेवली. मनगटात कळ गेली, दंडापर्यंत गेली. जबरदस्ती अशी नव्हती त्यात. उलट तो हात हळुवार होता. शिकवताना मास्तर तिचा हात असाच धरून वळवायचे. म्हणूनच ती जास्त घाबरली.

माइकचं तोंड आजींवरून सरकलं, कपड्यांच्या रांगेवरून गेलं आणि कॅमेऱ्यामागे थांबलं. टिल्लूवर.

टिल्लूचा डोळा कॅमेऱ्याला लागला होता, त्याला काही दिसत नव्हतं. हेडफोनमध्ये ताईला त्याचा श्वास ऐकू येत होता, स्वच्छ, अगदी जवळ. आणि तिला समजलं की आता तो काहीतरी बोलणार. मुलाखत संपत आली की तो नेहमी म्हणायचाच, वा आजी, काय बोललात! आजींचं शेवटचं वाक्य चालू होतं.

रेडिओ, आरसा, हवामानाचा अंदाज. तिला दुसरं काही सुचलं नाही. ती उठली आणि माइक आणि भाऊ यांच्या मधे जाऊन उभी राहिली, कॅमेऱ्यासमोर, आजींना पूर्ण झाकून. माइकला ओठ लावले.

"मास्तर, त्याचा नको," ती म्हणाली. "तो लहान आहे. माझा घ्या. पाया पडते तुमच्या, माझा घ्या."

"ताई! अगं फ्रेममध्ये आलीस तू!" टिल्लू ओरडला.

दोघांचे आवाज एकाच वेळी माइकवर पडले. टकटक झाली का नाही ते तिला ऐकू आलं नाही, कारण हेडफोन धक्क्यानं गळ्यात पडले होते. मूठ तिच्या हातात होती. वजन नेहमीचं होतं. माइकचं तोंड मात्र तिच्या खांद्यावरून अजूनही टिल्लूकडेच रोखलेलं होतं.

घरी येताना टिल्लूनं तिला फार काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "ताई, तुला विश्रांतीची गरज आहे. मी रेडिओवर गेलो की तू चार दिवस झोपूनच राहा." ताईनं ते रेकॉर्डिंग ऐकलं नाही. कोणाचा आवाज मिळाला हे त्यातून कळलं असतं, आणि कळून घ्यायची तिची हिंमत नव्हती.

बारा दिवस तिनं टिल्लूला एकदाही गप्प बस म्हटलं नाही. तो बोलत राहायचा, ती समोर बसून ऐकायची. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "काय गं, अशी काय बघतेस?" ती म्हणाली, "बोल रे, छान वाटतं." तो थोडा खोकला की ती गरम पाणी घेऊन धावायची. रेडिओचा पहिला दिवस नेमका तेराव्या दिवशी येत होता.

बाराव्या दिवशी ती उजाडायच्या आधीच उठून त्याच्या दाराशी बसून राहिली. ऊन अंगणात आलं. आत खाटेची करकर झाली, पावलं वाजली. दार उघडलं. टिल्लू केस खाजवत उभा. त्यानं तिला जमिनीवर बसलेलं पाहिलं. तोंड उघडलं.

"ताई, इथं काय बसलीयस पहारेकऱ्यासारखी? चहा ठेवलास का?"

भरलेला, खणखणीत, पूर्वीचाच. ताई हसली, रडली, त्याच्या गालावरून हात फिरवला, मान हलवली. तो "वेडी आहेस" म्हणाला आणि बातम्या घोकत न्हाणीघरात शिरला. आतून पाण्याचा आणि हवामानाच्या अंदाजाचा आवाज यायला लागला. ताईला वाटलं, झालं ते सगळं आपल्या मनाचे खेळ. नुसते मनाचे खेळ.

त्या धीरानंच तिनं रेकॉर्डर काढला, हेडफोन लावले आणि लाँड्रीचं रेकॉर्डिंग सुरू केलं. आजींचा आवाज हळूहळू पातळ होत गेला. टिल्लूचा श्वास जवळ आला. आणि मग माइकला ओठ टेकल्याचा आवाज, आणि तिचं स्वतःचं वाक्य. त्याचा आवाज नाही, तिचा. इतका भरीव, इतका जवळ, की तिनं आपल्या आवाजाचं असं रेकॉर्डिंग उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. मागे कुठेतरी लांब, भिंतीपलीकडून आल्यासारखा, टिल्लू ओरडत होता. फ्रेममध्ये आलीस.

टक. टक.

पहिल्यांदा तिला भीती नाही वाटली. पहिल्यांदा तिला हायसं वाटलं. भाऊ सुटला होता. तिनं रेकॉर्डर बंद केला, बॅटरीसुद्धा काढून टेबलावर ठेवली, हेडफोनची केबल उपसून तेही त्याशेजारी ठेवले.

"ताई, टॉवेल दे गं!" न्हाणीघरातून हाक आली.

ताईनं उत्तर दिलं. ओठ हलले, घशातून श्वास गेला. एवढंच.

"ताई? टॉवेल!"

तिनं पुन्हा तोंड उघडलं, सगळा जीव एकवटून. न्हाणीघराचं दार किलकिलं झालं. "ताई? अगं, आहेस ना तू? ताई..."

आणि टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून, केबल कशालाही जोडलेली नसताना, बारीक पण स्पष्ट, तिचा आवाज आला, "आणते रे, ओरडू नकोस."